मामंजींची लोकर

लोकरीतलं सगळं माझ्या सासऱ्यांना कळत असे. ठाण्याच्या कोर्टात ते शिरस्तेदार होते. तिथून पेन्शन घेऊन कल्याणच्या घरी येऊन बसले आणि दिवस जाईना, म्हणून लोकरीच्या व्यापाराचा इतिहास लिहायला लागले. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, जो तो उठून देशाचा इतिहास लिहीत होता. लोकरच का, असं मी लग्न होऊन नवी आले तेव्हा नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बाकीचे विषय गावातल्या इतर पेन्शनरांनी आधीच वाटून घेतलेत. एकाने किल्ले घेतले, एकाने देवळं, एकाने बंदर. मामंजींच्या वाट्याला मेंढ्या उरल्या.

मेंढ्यांशी त्यांचा संबंध असा. दिवाळी झाली, भातं कापून झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरत आणि आंबिवलीच्या बाजूच्या मोकळ्या शेतांत मेंढ्या बसवत. मेंढ्या बसल्या की शेताला खत मिळतं आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो, असा तो जुना व्यवहार. जाता-येता एखादा कळप आमच्या रस्त्याने गेला की मामंजी उपरणं नाकाला लावून ओटीवरून आत येत, खिडकी लावून घेत आणि मेंढपाळांच्या भटक्या जीवनावर लिहायला बसत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शेवटची मेंढी वळणापलीकडे जाईपर्यंत खिडकी उघडत नसत. वासाने विचारांची साखळी तुटते म्हणे. डोंबलाची साखळी.

लिहून झालेलं ते दुपारच्या चहाच्या वेळी आम्हांला वाचून दाखवत. नाणेघाटातून बैलांच्या पाठीवर घोंगड्या कशा उतरत, कल्याणच्या बंदरात गलबतं कशी लागत, मावळ्याच्या खांद्यावर घोंगडी नसती तर स्वराज्य कसं झालं नसतं, इंग्रजांनी आपली जाडीभरडी लोकर नेऊन तिकडचं मऊ कापड इकडे कसं विकलं, आणि आता सरकार परदेशी मेंढे आणून आपल्या मेंढीची जात कशी सुधारणार. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. आवाज मात्र असा लावत, की त्या बैलांच्या मागे काठी घेऊन स्वतःच चालत आले आहेत. त्या सबंध इतिहासात एकही बाई नव्हती. मेंढरंसुद्धा सगळी नरच असावीत.

त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण होतं लोकरीच्या पावित्र्याचं. सुती कापड धुतलं, वाळत घातलं, आणि कोणाचा हात लागला की गेलं, ओवळं झालं. लोकरीचं तसं नाही. ती नुसत्या वाऱ्याने शुद्ध होते, तिला विटाळ म्हणून नाही. मेंढी कुठेही लोळो, धनगर कातरो, त्याची बायको टकळीवर सूत काढो, सणगर मागावर विणो, बाजारात दहा जण चिवडोत. घरात आली की ती थेट देवघरापर्यंत जायला मोकळी. यावर मामंजी अर्धा अर्धा तास बोलत. मला आपलं वाटे, जे धुवायला कठीण ते आपल्याकडे आपोआप पवित्र ठरतं, त्यात एवढं काय. रेशमाचंही तेच. पण नव्या सुनेने असलं बोलून दाखवायचं नसतं.

आता या पावित्र्याचं ओझं कोणाच्या अंगावर होतं ते सांगते.

घरात माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या. मामंजींचा थोरला मुलगा विषमज्वराने गेला तेव्हा त्यांना विसावं लागलं होतं. मूलबाळ नव्हतं. माहेरचं कोणी न्यायला आलं नाही. मामंजी स्वतःला सुधारक समजत, आणि त्यांची सुधारणा म्हणजे त्यांनी या सुनेचे केस काढू दिले नाहीत. आल्यागेल्याकडे ते ही गोष्ट इतक्या वेळा काढत, की केस जाऊबाईंचे नसून मामंजींचेच असावेत. सुधारणा तिथेच संपली. केस राहिले ते स्वयंपाकघरात राहिले. दहा माणसांच्या घरचा सकाळचा सगळा स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा आणि तो जाऊबाई करायच्या. सोवळं म्हणजे धाबळी. धाबळी म्हणजे जाड लोकरीचं लुगडं समजा, घोंगडीची सख्खी बहीण. बाहेर वैशाखाचं ऊन, आत दोन चुली धडधडताहेत, आणि मध्ये ही बाई लोकर नेसून पोळ्या लाटते आहे. मामंजी पूजेला रेशमी मुकटा नेसत. घंटा वाजवून झाली, नैवेद्य दाखवून झाला की पानावर बसून भात मऊ झालाय की नाही ते सांगत.

मी घरात आले तेव्हा जाऊबाईंची अशी पंधरा-सोळा वर्षं गेली होती. माझ्याशी पहिले दोन महिने फार बोलल्या नाहीत. मग एका दुपारी मागच्या दारी भांडी घासताना एकदम म्हणाल्या, "मला डोंबिवलीला एक खोली घ्यायची आहे."

मी म्हटलं, "कशाला?"

"राहायला," त्या म्हणाल्या. "माझी शाळेतली मैत्रीण तिथे मास्तरीण आहे. तिच्या चाळीत खोल्या निघताहेत. एक चूल मांडीन. शिजवावंसं वाटलं तर माझ्यापुरतं शिजवीन, नाही वाटलं तर चुरमुरे खाऊन झोपेन. चुरमुरे खाऊन झोपल्याला किती वर्षं झाली असतील गं."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. त्या बाईला या जगात एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी स्वतःची मिळकत हवी होती. मामंजींपाशी हात पसरून मिळण्यातली ती गोष्ट नव्हती. त्यांना विचारलं असतं तर, "घरात काय कमी आहे," एवढंच उत्तर आलं असतं. हे उत्तर ते कुठल्याही प्रश्नाला देत.

मिळकत आली ती मामंजींच्या लाडक्या प्रकरणातूनच. हिवाळ्यात धनगरणी दारोदार लोकर आणि सूत विकायला यायच्या. सुती कापडाचा वा भाजीचा व्यवहार असता तर सासूबाईंनी जाऊबाईंना सोवळ्यात पुढे होऊच दिलं नसतं. वस्तू लांबून ठेवा, त्यावर पाणी शिंपडा, मग घ्या, हे सगळं आलं असतं. लोकरीला ते नाही. त्यामुळे सकाळच्या सोवळ्यातच जाऊबाई मागच्या दारी उभ्या राहून धनगरणीच्या हातातून थेट आपल्या हातात लोकर घेत, तिच्याशी बोलत, पोराबाळांची विचारपूस करत. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत आणि बोलायला जागा सापडत नाही म्हणून आत जात. त्या घरात जाऊबाईंना परक्या माणसाशी मोकळं बोलता येईल अशी ती एकच जागा होती. मामंजींच्या शास्त्राने तिथे चुकून दार उघडं ठेवलं होतं.

त्या सुताचं त्यांनी आसन विणायला घेतलं, पूजेला बसायचं. विणकाम त्या लहानपणी मिशनच्या बाईंकडे शिकल्या होत्या. जाड सुया हव्या होत्या. फाळणीनंतर सिंधकडून आलेल्या लोकांचा कँप कल्याणजवळ पडला होता, तिथल्या एका दुकानातून मी आणून दिल्या. मंगल कार्यात काळं चालत नाही आणि धनगरांच्या मेंढ्या बहुतेक काळ्या. म्हणून जाऊबाई धनगरणीला सांगून पांढरी लोकर वेगळी काढून घेत, आणि कडेला तांबड्या रंगात बुडवलेल्या सुताची चार बोटं किनार विणत. आसन असं बसायचं, की धुतलं तरी कोपरा वळायचा नाही. पहिलं मामंजींना दिलं. त्यांनी त्यावर बसून पाहिलं, म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्याकडून हे म्हणजे पुष्कळ झालं.

मग गावातल्या वाचनालयात मामंजींचं लोकरीवर व्याख्यान झालं. जाताना ते आसन बरोबर घेऊन गेले आणि टेबलावर पसरून ठेवलं. पावित्र्याच्या प्रकरणावर म्हणे लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यान संपल्यावर चार-सहा जणांनी विचारलं, असं आसन कुठे मिळेल. मामंजी म्हणाले, "आमच्याकडे मिळेल." विणतं कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पेन्शनर शिरस्तेदार रात्री दिवा लावून सुया चालवतात असं लोकांना वाटलं असेल तर देव जाणे.

पुढे दोन वर्षं ही आसनं चालली. कल्याणात, ठाण्यात, आंबिवलीच्या बाजूच्या काही घरांत. लोक त्यांना शिरस्तेदारांची आसनं म्हणत. शिरस्तेदार ओटीवर बसून मागण्या घेत, लोकरीचं महत्त्व सांगत, आणि गिऱ्हाईक गेलं की आत ओरडून सांगत, "आणखी दोन." दुपारची जेवणं उरकली की जाऊबाई धाबळी सोडून माजघरात बसत आणि दिवेलागणीपर्यंत विणत. आलेले पैसे जाऊबाईंनी स्वतःकडे ठेवावेत, एवढं मात्र मामंजींनी मान्य केलं होतं. तेही सुधारणेतच धरत असावेत. चैत्र आला तेव्हा जाऊबाई मला म्हणाल्या, डोंबिवलीच्या मालकाशी बोलणं झालंय, पावसाळ्याआधी खोली मिळेल. घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मागण्या अशाच येत राहिल्या तर भाड्याची काळजी नाही, म्हणाल्या. त्या दिवशी पोळ्या लाटताना त्या गुणगुणत होत्या. सासूबाईंनी दोनदा विचारलं, काय झालंय हिला.

वैशाखात गावातल्या एका वकिलांच्या घरी मुंज निघाली. मोठं घर, मोठा मंडप. तीन आसनांची मागणी आमच्याकडे आली : बटूला एक, त्याच्या वडिलांना एक, गुरुजींना एक. जाऊबाईंनी ती अशी विणली, की मला वाटलं यावर बसू नये, भिंतीला लावावीत. मुंजीला आम्ही सगळे गेलो. जाऊबाई घरी राहिल्या. अशा कार्याला त्यांना बोलावणंच नसे. कोणी बोलावलं तर मागच्या दाराने, वड्या थापायला.

मंडपात मामंजींना पुढची खुर्ची होती. तिन्ही आसनं मांडून झाली, बटू येऊन बसला. तेवढ्यात वकिलांच्या म्हाताऱ्या आत्या पुढे आल्या, किनारीवरून हात फिरवला आणि विचारलं, "विणलंय कोणी इतकं सुबक?" शेजारणीने कौतुकाने सांगून टाकलं, "शिरस्तेदारांच्या थोरल्या सूनबाईंनी." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आत्याबाईंनी हात काढून घेतला. "थोरली म्हणजे ती? केस ठेवलेली?" म्हणाल्या. मग वकिलांकडे वळून म्हणाल्या, "शुभकार्यात तिच्या हातचं मुलाखाली नको रे."

सगळं थांबलं. गुरुजी तसे भले गृहस्थ. मुहूर्त टळायला नको म्हणून असेल, पण त्यांनी वाट काढायचा प्रयत्न केला. मामंजींकडे बघून म्हणाले, "शिरस्तेदार, तुम्ही या विषयातले जाणकार. लोकरीला विटाळ नसतो ना?"

नुसतं 'नसतो' म्हणायचं होतं. तीन अक्षरं. दोन वर्षं ओटीवर बसून जे म्हणत होते, वाचनालयात टाळ्या घेऊन जे म्हणाले होते, तेच पुन्हा म्हणायचं होतं. मामंजींनी उपरणं सारखं केलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "शास्त्र आपल्या जागी आहे. पण ज्यांच्या घरचं कार्य, त्यांच्या मनात किंतु नको."

वाः. काय पण वाक्य. कोर्टात इतकी वर्षं घालवून माणूस एवढंच शिकतो.

बटूला उठवलं. बिचाऱ्याचं डोकं नुकतंच भादरलेलं, काय चाललंय ते त्याला कळेना. आपलं काही चुकलं असं वाटून तो आईकडे बघायला लागला. त्याच्या खालचं आसन ओढून काढलं, बापाखालचं काढलं, गुरुजींनी आपलं आपण काढून दिलं. घरातून एक जुनं पांढरं कांबळं आणून चौपदरी घालून अंथरलं. बाजारातून कधीतरी आणलेलं. कोणी कातरलं, कोणी कातलं, कोणी विणलं, कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्याची कोणाला फिकीरही नव्हती. धनगर चालला, सणगर चालला, दुकानदार चालला. नवरा मेलेली बाई तेवढी चालली नाही, आणि तीही एरवी चालते, पोळ्या लाटायला.

मला राहवलं नाही. मी बायकांतून उठून म्हटलं, "मामंजी, लोकर वाऱ्याने शुद्ध होते ना? तुम्हीच लिहिलंय. मंडपात वारा आहे की."

सुनेने चारचौघांत सासऱ्याला बोलायचा तो काळ नव्हता. माझ्या नवऱ्याने जमिनीकडे बघितलं. सासूबाईंनी दंडाला धरून मला खाली बसवलं. मामंजींनी ऐकलंच नाही. मोठी माणसं न ऐकण्यात पटाईत असतात. मग ताशा वाजायला लागला आणि मुंज यथासांग झाली. श्रीखंड चांगलं होतं म्हणे. मी जेवले नाही.

आसनं मीच घरी आणली. घड्या बघून जाऊबाई समजल्या. मी झालेलं सगळं सांगितलं, मामंजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी आसनं घेऊन कपाटात ठेवली आणि दूध तापत ठेवलं होतं ते बघायला गेल्या. पुढच्या आठवड्यात आणखी घरांतून आसनं परत यायला लागली. कोणी निरोप देई, कोणी काही न बोलता ओटीवर ठेवून जाई. ज्यांची दोन वर्षं त्या आसनांवर बसून पूजा झाली होती, त्यांना आता एकाएकी खालून टोचायला लागलं होतं. नव्या मागण्या बंद झाल्या. जाऊबाई एक दिवस ओटीवर आल्या. मामंजी लिहीत होते.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही मंडपात होतात. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर हे झालं नसतं."

"वाद वाढवण्यात अर्थ नव्हता सूनबाई," मामंजी म्हणाले. "समाजात राहायचं असतं. थोडे दिवस जाऊ दे. लोक विसरतील. आणि तुला घरात काय कमी आहे?"

जाऊबाईंनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. डोंबिवली संपली, चुरमुरे संपले. मला इतका संताप आला, की त्या दिवशी मामंजींच्या चहात मी साखर घातली नाही. दुसरं काय करणार होते?

जाऊबाई काय करणार होत्या ते मला दोन दिवसांनी कळलं. त्या एकट्या कँपातल्या त्या सुयांच्या दुकानात गेल्या होत्या. दुकानदार लोकरीचे गुंडे देऊन बायकांकडून स्वेटर विणून घेई आणि दिल्लीकडे विकायला पाठवी. स्वतः घरदार सोडून आलेला माणूस. जाऊबाईंनी परत आलेलं एक आसन त्याच्यासमोर टाकलं. त्याने ते उलटं करून मागची वीण पाहिली आणि विचारलं, महिन्याला किती होतील. बाई कोणाची कोण, नवरा आहे की नाही, हे विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. लोकर मऊ होती, गिरणीची, बाहेरच्या देशातल्या मेंढ्यांची. मामंजींच्या इतिहासात अजून न पोचलेली.

पावसाला आठ-दहा दिवस असतील. एके सकाळी जाऊबाईंनी धाबळी घडी करून खुंटीवर ठेवली, साधं लुगडं नेसल्या, एक ट्रंक घेतली आणि सासूबाईंना वाकून नमस्कार करून म्हणाल्या, "मी डोंबिवलीला राहायला जाते आहे." सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज सोमवार, आणि पाहुणे जेवायला आहेत." घर सोडून जाणाऱ्या बाईला त्या घराने सांगितलेलं हे शेवटचं वाक्य. माझ्या नवऱ्याने ट्रंक टांग्यात ठेवली, एवढं त्याचं श्रेय मी त्याला देते.

टांगा वळणावर गेला नाही तोच घरात एकच प्रश्न : आता सोवळ्यात कोण? सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना चुलीपाशी बसता येत नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामंजीसुद्धा लिहिणं टाकून आत आले आणि म्हणाले, "धाकट्या सूनबाई करतील. त्यांनाही सवय व्हायला हवी."

लोकरीचा आणखी एक उपयोग मी अजून सांगितला नाही. मामंजींनीही लिहिला नव्हता. बाईची पाळी आली की तिला कोपऱ्यात बाजूला बसवत आणि अंगाखाली घोंगडी देत, कारण लोकरीतून विटाळ पसरत नाही. मी खाली मान घालून सांगितलं, "मी बाजूला आहे." आणि कोपऱ्यातली घोंगडी ओढून तिच्यावर जाऊन बसले. खोटं होतं, साफ खोटं. पण ते तपासायला मला शिवावं लागलं असतं, आणि शिवायची तर बंदी. त्या कोपऱ्यात मी मासिकं वाचत पडले. इतकी विश्रांती मला त्या घरात आधी कधी मिळाली नव्हती.

मग राहिलं कोण? मुलगे सकाळच्या गाडीने कचेरीला जाणारे. राहिले मामंजी. मुकटा नेसून ते चुलीपाशी निघाले तेव्हा सासूबाईंनी अडवलं : रेशीम आहे, डाग पडतील, ठिणगी उडेल, धाबळी नेसा. लोकरीच्या इतिहासकाराने उभ्या जन्मात पहिल्यांदा लोकर अंगाला लावली.

मी कोपऱ्यातून बघत होते. काय तो देखावा. भात करपला, ते सोडा. माणूस उभा राही, पाठ दाराच्या चौकटीला घासे, पुन्हा बसे. उलथनं उलटं धरून मानेखाली खाजवी. घामाने धाबळी अंगाला चिकटली की "हरे राम" म्हणे. दुसऱ्या दिवशी गळ्याभोवती लाल पट्टा उठला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना सासूबाईंना म्हणताना ऐकलं, "अगं, टोचतं किती हे. हे नेसून माणसाने शिजवायचं कसं?" चौथ्या दिवशी ते पोथ्या काढून बसले आणि संध्याकाळी जाहीर केलं, की धाबळीची सक्ती शास्त्रात नाही, धुतलेलं सुती वस्त्र नेसून केलेला स्वयंपाक देवाला चालतो, आधार सापडला आहे. दुसऱ्या दिवशी एक स्वयंपाकीणबाई ठेवली. ती साधं लुगडं नेसून यायची. मी लगेच बरी झाले आणि कोपऱ्यातून उठले.

पहिल्या रविवारी मी डोंबिवली गाठली. ही गंमत जाऊबाईंना सांगायची घाई झाली होती. खोली लहान होती, खिडकीतून शेतं दिसत होती. त्या स्वेटरची बाही विणत होत्या. मी उलथन्यासकट सगळं करून दाखवलं. मान, चौकट, हरे राम, सगळं. हसून हसून मलाच धाप लागली. त्या ऐकत होत्या. बाहीचे टाके चालू होते.

"किती दिवस नेसले?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हटलं. "चौथ्या दिवशी शास्त्र बदललं. टोचते म्हणून."

त्यांच्या सुया थांबल्या.

"मीही सांगितलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी. अंगावर फोड आले होते. म्हटलं, मामंजी, फार टोचते."

"मग?"

"म्हणाले, सवय होईल."